दीड वाजताचा चौकोन

उपग्रह आमच्या भागावरून रोज दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्याचे आकडे ऑफिसात पोचेपर्यंत चार वाजतात, म्हणजे चहाची वेळ. ज्वालामुखीच्या डोंगरातून गंधकाचा वायू किती बाहेर पडला, ते नकाशावर चौकोनांत दिसतं. एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे साधारण पाच किलोमीटर. वायू वाढला, की डोंगर जागा होतोय असं समजायचं आणि पायथ्याच्या गावाला सावध करायचं. अकरा वर्षं मी हेच काम करते.

त्या सोमवारी डोंगरावरचा चौकोन लाल होता. मंगळवारी गर्द लाल. त्या गावात माझी आत्या राहायची, म्हणून मी आकडे जरा जास्तच वेळा तपासले. मग साहेबांकडे गेले.

"खात्री आहे?"

"आहे. गाव हलवायला हवं."

बुधवारी सकाळी दीडशे माणसं चाळीस किलोमीटरवरच्या एका शाळेत आणली. आत्या फोनवर वैतागली होती. "अगं, आम्हाला साधा वासही आला नाही. उगाच घाबरवलंस सगळ्यांना."

चार वाजता मी नकाशा उघडला. डोंगर कोरा होता. लाल चौकोन शाळेवर होता.

वायू वाऱ्याबरोबर पसरतो, लांब शेपूट काढत जातो. इथे शेपूट नव्हती. शिवाय वारा शाळेकडून डोंगराकडे वाहत होता.

"उपग्रहाचाच काहीतरी घोळ," साहेब म्हणाले. तरी आमचा मेकॅनिक हातातलं मोजणीयंत्र घेऊन शाळेत गेला आणि वर्गावर्गातून फिरला. सगळीकडे शून्य.

"माणसं ठणठणीत आहेत, मॅडम. जेवताहेत, भांडताहेत," त्याने फोनवर सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "हसू नका, पण बसलेली असली ना, की सगळी एकदम श्वास घेतात. एकदम सोडतात. थोड्या वेळाने मीही तसाच घ्यायला लागलो, म्हणून बाहेर येऊन उभा राहिलोय."

मी हसले नाही.

शाळेत कंटाळून काही कुटुंबं शुक्रवारी नातेवाइकांकडे गेली. मी आत्याला घरी आणलं. माझ्या लेकीच्या खोलीत तिची गादी घातली. शनिवारी शाळेवरचा चौकोन फिकट झाला होता आणि नकाशावर इकडेतिकडे सहा नवे चौकोन उमटले होते. कोण कुठे गेलं याची यादी मी मागवली. पत्ते सहाच होते. सहावा माझा.

घरी गेले तेव्हा आत्या शेंगा सोलत बसली होती. लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"आत्या, छातीत काही होतंय का गं?"

"कुठे काय? गाव सोडून कधी राहिले नव्हते, वाटलं करमणार नाही. पण एकटं असं वाटतच नाही बघ."

डोंगर काही फुटला नाही. पंधरा दिवसांनी गाव परत गेलं, आत्याही गेली. लाल चौकोन पुन्हा डोंगरावर आला, नेहमीसारखा फिकट.

"मिटलं एकदाचं," साहेब म्हणाले. "उपग्रहातला दोष म्हणून लिहून टाक."

मी लिहिलं. बाकीचे पाच चौकोन पुसले गेले होते. आमच्या वस्तीवरचा तसाच राहिला, पण त्याबद्दल मी काही लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात मला ट्रेनिंगसाठी दोन दिवस परगावी, नदीकाठच्या एका शहरात जावं लागलं. जाताना मेकॅनिकला सांगितलं, आमच्या वस्तीवर काय दिसतं ते तेवढं बघ. मी तिथे कुठे उतरणार, ते त्याला ठाऊक नव्हतं.

चारनंतर त्याचा मेसेज आला. "मॅडम, तुम्ही नदीपलीकडे उतरलात का?"

खाली नकाशा होता. नदीपलीकडे, माझ्या हॉटेलच्या भागावर, एक फिकट लाल चौकोन.

दुसरा आमच्या वस्तीवर, जागच्या जागी. दीड वाजता घरी फक्त माझी लेक होती.