तिसऱ्या ओळीतला श्वास

मी गाणं शिकवते. आठवडाभर शाळेत आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदाला. चुकीचा सूर कानावर पडला की माझं डोकं उठतं, मग तो कुणाचा का असेना. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूबाईंना सांगून टाकलं होतं, "आई, तुम्ही पट्टी सोडता." त्या म्हणाल्या, "पट्टी सोडते, पण घर नाही ना सोडत? मग झालं तर!" तेव्हापासून आमचं जमलं.

आमच्या चर्चचं एक गीत आहे. शंभर वर्षांपूर्वी इथल्याच एका पाळकीणबाईंनी, म्हणजे पाद्रींच्या बायकोने, ते रचलं, चर्चच्या मागच्या दुमजली घरात. आज ते कुठे कुठे म्हणतात याला सुमार नाही. लग्नात म्हणतात, दफनाला म्हणतात, बोटीवर म्हणतात, तुरुंगात म्हणतात. जे कधी चर्चची पायरी चढले नाहीत त्यांनाही येतं. चाल इतकी साधी की भाजी चिरता चिरता आपोआप तोंडात येते.

आणि जिथे जातं तिथे एक खोड बरोबर नेतं. प्रत्येक कडव्याची तिसरी ओळ आहे, 'उजाडेतो राहू दे तुझा हात'. 'तुझा' झालं की सगळे गप्प. चांगला ताल सुटेपर्यंत गप्प. मग 'हात'. छापलेल्या सुरावटीत तिथे थांबा नाही. आणि अर्थ बघायला जावं तर वाक्याचे सरळ दोन तुकडे.

गीताच्या शताब्दीला बाहेरचे गायकवृंद येणार होते, ध्वनिमुद्रण होणार होतं. म्हटलं, या निमित्ताने ही खोड मोडूच.

"छापलंय तसं म्हणायचं, सलग," मी तालमीत बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे थांबले. पुन्हा म्हणवून घेतलं, पुन्हा थांबले. आमच्याकडे खर्जात गाणारा एक बांधकाम मुकादम आहे, रेड्यासारखा धट्टाकट्टा. तो कानकोंडा होऊन म्हणाला, "बाई, गळाच मिटतो हो तिथे."

"मिटतो काय! श्वास चोरता सगळे. आता थांबाल तेव्हा कुणी श्वास घ्यायचा नाही. बघू दे किती वेळ दम धरता ते."

ते थांबले. कुणीही श्वास घेतला नाही. आणि त्या शांततेत एक श्वास ऐकू आला. छोटासा, आत ओढलेला. ऑर्गनच्या बाजूने.

भाता फाटला असणार. दुसरं काय? जुनं वाद्य आहे, हवा गळते. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

तो भर दुपारी आला. मागची फळी काढून पोटावर पडून आत शिरला, एकेका शिवणीवर टिशू पेपरची पट्टी धरून पाहिली. पट्टी हलली नाही. "ठणठणीत आहे," आतूनच म्हणाला.

"मग आवाज कुठला?"

"कसला आवाज?"

मी ओळ म्हटली आणि 'तुझा'पाशी थांबले. त्याने डोकं बाहेर काढलं. उठला, भिंतीवरचं भात्याच्या मोटारीचं बटण बंद केलं, भात्यावर हात ठेवून तो पूर्ण बसेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाला, "परत म्हणा."

मी परत म्हटलं. श्वास आला.

त्याने हत्यारं पिशवीत भरली. फळीही नीट लावली नाही. "बाई, आता यात हवाच नाही," एवढं बोलून तो चहासुद्धा न घेता गेला.

घरी आल्यावर मी हे आईंना सांगितलं. तेव्हा त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या. फुप्फुसं निकामी होत आली होती. शताब्दी बघतील, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. माझं ऐकून त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली.

"मास्तरीणबाई, ती थांबायची जागा नाही. ऐकायची आहे."

"काय ऐकायचं?"

"पाळकीणबाईंचं लेकरू आजारी होतं. छाती भरलेली. उशाशी बसून त्या गायच्या आणि मध्येच थांबून कानोसा घ्यायच्या. श्वास आला की पुढची ओळ."

"जगलं ना पण?"

"त्या गात होत्या तोवर श्वास येत होता."

"आणि गाणं थांबवल्यावर?"

"थांबवलं कुठे? त्या थकल्या तेव्हा बहिणीने धरलं, मग शेजारणीने. मग चर्चच्या मंडळीने वाटून घेतलं. जो परगावी गेला त्याने तिकडे जाऊन धरलं. म्हणून तर एवढं पसरलं!"

"आई, काहीतरीच काय!"

"बरं बाई, काहीतरीच. माझ्या आजीने मला सांगितलं, मी तुला." मग त्यांचं हसू गेलं. माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "माझी वेळ आली की तू म्हण. त्या जागी थांब आणि माझा श्वास ऐक. मला एकटीला जायची भीती वाटते गं. मी जाईन तेव्हा कुणाला तरी कळायला हवं."

मी शब्द दिला. माझी आई मी लहान असतानाच गेली. या बाईंनीच मला आई म्हणायला लावलं होतं.

शताब्दीच्याच दिवशी सकाळी त्यांची घरघर वाढली. माझा नवरा डॉक्टरांना आणायला धावला. मी खुर्ची उशाशी ओढली आणि गायला लागले. डोळे मिटून. बारीक ऐकायचं तर डोळे मिटा, हे मी पोरांना रोज घोकून सांगते.

'तुझा'पाशी थांबले. श्वास आला, जड, खरखरीत. पुढचं कडवं. पुन्हा श्वास.

गीत संपलं की पहिल्यापासून सुरू करायची. हळूहळू खरखर कमी झाली. श्वास हलका झाला, मोकळा झाला. मी मनात देवाचे आभार मानले.

दार वाजलं. डॉक्टर आत आले, मागे नवरा.

"आता बरंय हो," मी उठून म्हणाले. "बघा ना, श्वास किती मोकळा झालाय."

डॉक्टरांनी मनगट धरलं. पापणी वर केली. छातीला नळी लावली आणि बराच वेळ वाकून राहिले.

"बाई," ते म्हणाले, "यांना जाऊन बराच वेळ झाला."

"शक्यच नाही. आत्ता ऐकला मी."

"अंग गार पडलंय."

मी आईंकडे पाहिलं. तोंड उघडं होतं, मान माझ्याकडे वळलेली. त्या माझ्या शेजारी, एकट्या गेल्या होत्या आणि मी गात बसले होते.

"मी ऐकलाय," मी म्हणाले. "थांबा, दाखवते."

"अगं, पुरे आता," नवरा म्हणाला.

मी ऐकलं नाही. ओळ म्हटली. 'तुझा'पाशी थांबले.

श्वास आला.

डॉक्टरांची नळी अजून आईंच्या छातीवरच होती. त्यांनी ती कानातून काढली. आईंच्या ओठांपाशी कान नेला. मग सरळ उभे राहिले.

"हा यांचा नाही," ते म्हणाले.

नवऱ्याने दाराची चौकट धरली.

"इतका भराभर लहान मूल घेतं. दीडएक वर्षाचं."

श्वास पुन्हा आला. पुन्हा आला. मग अडकला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुढचं म्हणा बाई," ते हळूच म्हणाले. "अहो, म्हणा ना."