काकांचं पडणं

ही गोष्ट खरी आहे. गेल्या वर्षीची, भर दुपारची. ज्याच्या जिवावर बेतलं तो माझा सख्खा भाचा, आणि तो माझ्याच घरात राहतो. त्यामुळे मला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

भाचा मारामारीचे व्हिडिओ गेम बनवतो. खेळाडू मार खातो, पडतो, उठतो... या त्याच्या अवस्था. एकीतून दुसरीत कधी जायचं, ते हा लिहितो. लिहिलं नाही, तर पडलेला पडूनच.

पडणं खरं दिसावं म्हणून स्टंटवाले काका अंगाला सेन्सर लावून गादीवर पडायचे; ती हालचाल जशीच्या तशी कॉम्प्युटरात रेकॉर्ड व्हायची. एकदा भाच्याला म्हणाले, “साहेब, छातीत दुखतंय.”

“काका, नाटकं नकोत. अजून एकदा!”

काका पडले.

ते उठलेच नाहीत.

आणि या शहाण्याने तेच पडणं गेममध्ये घातलं. का? तर म्हणे, टायमिंग झकास होतं! पुढचं उठणं दुसऱ्याच माणसाचं जोडलं.

महिनाभराने ऑफिसातले सगळे जेवायला गेले होते. भाचा एकटाच गेम तपासत होता.

खेळाडू पडला...

उठेना.

लिहिलेलं बरोबर होतं. पडून राहायची वेळ संपली होती. तरी अवस्था तीच... पडलेला.

स्पीकर बंद होता.

पण धाप ऐकू येत होती...

वैतागून त्याने कधी उठायचं याच्या सगळ्या अटी काढून टाकल्या. लिहिलं, लगेच ऊठ.

तो उठला.

पण हे जोडलेलं उठणं नव्हतं. आधी डावा गुडघा... मग छातीवर हात... मग मान वळवून थेट भाच्याकडे बघणं.

असं काही कोणी रेकॉर्डच केलं नव्हतं.

भाचा खुर्चीतून कोसळला. शुद्ध होती, पण बोटही हलेना. जेवून आलेल्यांना वाटलं, चेष्टा करतोय. संध्याकाळी दवाखान्यात आपोआप उठून बसला. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

मीच त्याला कान धरून काकांच्या बायकोकडे नेलं, माफी मागायला. सतरंजीवर बसून हा ढसाढसा रडला. काकूंनी त्याच्यासाठी पेल्यात पाणी आणलं.

निघायला म्हणून हा उठला.

आधी डावा गुडघा... मग छातीवर हात...

काकूंनी हातातला पेला खाली ठेवला. त्याच्याजवळ आल्या. मायेने त्याची कॉलर सारखी केली.

“आलात होय?” त्या हळूच म्हणाल्या. “आता सोडू नका हं याला.”

रोज सकाळी हा जागा व्हायच्या आत मी स्वयंपाकघरात जाते, दार लोटून घेते.

त्याला उठताना बघायचं धाडस मला होत नाही...