हवा बघून घ्या

भर चौकात, लाल सिग्नलला उभ्या उभ्या, गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. सिग्नल हिरवा झाला आणि मागच्यांनी हॉर्नचा नुसता गदारोळ केला. मामीने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, कसंबसं सुरू झालं.

"क्लच," शेजारी बसलेले मामा म्हणाले. "शंभरदा सांगितलं, पाय असा झटक्यात उचलायचा नसतो."

मामीने गिअर टाकून गाडी पुढे काढली. मागच्या सीटवर तिघं चिडीचूप बसली होती. सुट्टीसाठी आलेला तेरा वर्षांचा दादा, त्याची बहीण भिंग आणि मामांचा मुलगा भोंगा. भिंगला हे नाव पडलं ते तिला नको तेवढं दिसायचं म्हणून. भोंग्याचं कारण सांगायला नको. तो कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. पण आज त्याचाही आवाज बंद होता, कारण दुपारी तीन वाजता त्याच्या आईची गाडी चालवायची परीक्षा होती.

ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा थांबायच्या पट्टीवर गाडी बंद पडली होती आणि परीक्षकाने कागदावर फुली मारली होती. मामीने अकरा वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तकं दिली-घेतली. आता वाचनालयाने गावोगाव फिरणारी पुस्तकांची गाडी घेतली होती आणि ती चालवायला मामीला निवडलं होतं. अट एकच, उद्या सकाळी परवाना दाखवायचा. नाहीतर यादीतला पुढचा माणूस.

घरी आल्यावर मामांनी रोजच्यासारखा पंप काढला, चारही चाकांत हवा भरली आणि ते दुकानात गेले. मामा घड्याळं दुरुस्त करत. त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती.

मामी पायरीवर बसली. "मी फोन करून सांगते त्यांना, दुसरं कोणी बघा म्हणून," ती म्हणाली. "मला नाही जमत, हेच खरं."

भोंगा रडवेला झाला. पण भिंगच्या डोक्यात सकाळपासून काहीतरी टोचत होतं, ते आता तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"मामी, सकाळी मामा गाडी सुरू ठेवून फाटक उघडायला उतरले, तेव्हाही ती बंद पडली होती. आत कोणीच नव्हतं. मग तेव्हा क्लचवर पाय कोणाचा होता?"

मामीने मान वर केली. साडेअकरा वाजले होते.

गाडी अंगणात आणली. मामी स्टिअरिंगवर बसली, हँडब्रेक ओढला, गिअर मोकळा ठेवला. दादाने बॉनेट उघडलं आणि सगळ्यांना बजावलं की पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ हात न्यायचा नाही. भिंगने वेणी फ्रॉकच्या आत खोचली. इंजिन सुरू झालं. मामीने पेडल दाबलं की ते छान गुरगुरायचं; पाय काढला की धापा टाकायचं आणि मान टाकायचं. सहा वेळा करून पाहिलं, सहाही वेळा तेच. म्हणजे पळताना गाडी ठणठणीत होती, नुसती उभी राहिली की मरत होती.

नेहमी गाडी बघणारे मेकॅनिककाका बहिणीच्या घरी परगावी गेले होते. मामीने त्यांना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं की मी आठवड्यापूर्वी मामांना हवा बघून घ्या म्हणालो होतो, बघितली का? मामी म्हणाली, बघतात की हे, रोज सकाळी चारही चाकांत भरतात.

पलीकडे काकांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"वहिनी," काका म्हणाले, "चाकातली नाही हो! इंजिनातली."

मामीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. काकांनी समजावलं की इंजिनाला पेट्रोलबरोबर मोजून हवा लागते. गाडी पळते तेव्हा ते भरपूर हवा घेतं, थोडी इकडे-तिकडे झाली तर चालून जातं. उभ्या गाडीला मात्र अगदी चिमूटभर लागते, आणि तेव्हा कुठून तरी चोरून हवा आली की सगळं बिघडतं. कुठलीतरी रबरी नळी फाटली असणार. पण कुठली, ते इतक्या लांबून कसं सांगणार?

"सायकलचं पंक्चर शोधतो तसं शोधू," दादा म्हणाला. त्याने वाटीत साबणाचं पाणी केलं, मामीने पेडल हलकं दाबून इंजिन चालू ठेवलं आणि दादाने ब्रशने एकेका नळीवर पाणी लावायला सुरुवात केली. बुडबुडे कुठेच येईनात. एक वाजला. मामी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. शेवटच्या नळीलाही बुडबुडा आला नाही तेव्हा दादाने ब्रश खाली ठेवला. "सगळ्या धड आहेत. संपलं."

"थांब," भिंग म्हणाली. "त्या बारक्या नळीच्या टोकाला लाव परत. तिथलं पाणी गेलं कुठे?"

दादाने पुन्हा ब्रश लावला. सगळे वाकले. फेस नळीच्या टोकाशी एक क्षण दिसला आणि आत नाहीसा झाला, आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाज बदलला.

भिंग ओरडलीच. "आपण उलटं शोधत होतो. हवा बाहेर येत नाहीये, आत शिरतेय!"

ते टोक तापलेल्या इंजिनापासून जरा लांब होतं, तरी दादाने आधी हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघितली आणि मग त्या टोकाखाली बोट दाबलं. मामीने पेडलवरून पाय काढला, तरी धापा आल्या नाहीत. इंजिन एका लयीत चालू लागलं. बोट काढलं, की पुन्हा धाप.

काकांना पुन्हा फोनवर विचारून मामीने गाडी बंद केली. नळीच्या टोकाला खालून, सहज दिसणार नाही अशी चीर होती. नळी चांगली लांब होती. चिरेसकट बोटभर टोक दादाने कापून टाकलं, उरलेली नळी घट्ट बसवली आणि वरून स्क्रूने पट्टी आवळली. घाईत स्क्रू दोनदा खाली पडला, आणि दोन्ही वेळा भोंग्याने गाडीखाली सरपटत जाऊन तो शोधून आणला.

मामीने पुन्हा गाडी सुरू केली आणि नेमके तेव्हा मामा जेवायला आले. उघडं बॉनेट, फरशीवर नळीचा तुकडा, काळ्या हातांची तीन पोरं! ते असे भडकले की सांगता सोय नाही. परीक्षेला दीड तास उरलाय आणि तुम्ही गाडी खोलून बसलात? डोकी ठिकाणावर आहेत का? त्यांनी किल्लीसाठी खिडकीत हात घातला.

"बाबा," भोंगा आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलला, "गाडी चालू आहे. ऐका ना."

मामा थबकले. त्यांनी कान दिला. दिवसभर घड्याळांच्या ठोक्यांवर जगणारा माणूस तो, त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. पाच मिनिटं झाली, गाडी बंद पडली नाही. भिंगने सगळी हकिगत सांगितली, चाकातल्या हवेसकट, आणि मामांचा चेहरा उतरला.

तीन वाजता तिघं मैदानाच्या कुंपणाला चिकटून उभी होती. मामा जरा बाजूला होते. मामीने वळण घेतलं, गाडी मागे घेतली, आणि मग ती थांबायच्या पट्टीवर आली. परीक्षकाने हात वर केला. गाडी थांबली. परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत राहिला, लिहीतच राहिला. भिंगने कुंपणाच्या फटीला डोळा लावला. इतक्या लांबून इंजिन ऐकू येत नव्हतं, पण बॉनेटवर उन्हाची तिरीप बारीक थरथरताना तिला दिसत होती.

"चालू आहे," ती पुटपुटली. "अजून चालू आहे."

परीक्षकाने हात खाली केला आणि गाडी अलगद पुढे निघाली.

मामी पास झाल्याचा कागद घेऊन आली. तिने तिघांना एकदम कवेत घेतलं. "मीच नालायक आहे असं मला वाटायला लागलं होतं रे," ती म्हणाली आणि मग खरंच रडली. मामांनी दादाची पाठ थोपटली, भिंगच्या डोक्यावर हात ठेवला. इतकी वर्षं मी यंत्रं उघडतोय, पण आधी नीट बघायचं असतं ते तू दाखवलंस, असं त्यांनी तिला सांगितलं. मग ते मामीकडे वळले.

"चूक तुझी नव्हती. आणि मी रोज तुलाच बोललो."

"हो, बोललात," मामीने डोळे पुसले.

मामांनी सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. मामीने त्या हाताकडे बघितलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

"तुम्ही मागे बसा," ती म्हणाली. "भिंग, तू पुढे ये."