डिझेलची हवा काढताना

परवा लाइट गेली, म्हणून आम्ही सगळे अंबरपेठच्या आमच्या गच्चीवर बसलो होतो. माझे सासरे हिम्मतराव पोरांना म्हणाले, "ऐका. मलकपेठच्या विकासचं आहे हे. त्यानंच मला सांगितलं." माझी शर्वरी मांडीवर झोपली होती. मीही ऐकत राहिले.

विकासनं जामबागच्या अरविंद मास्तरांकडून जुनी डिझेलची अँबॅसिडर घेतली. दोन वर्षं ती अंगणात उभीच होती. मास्तर म्हणाले, "काय द्यायचं ते दे. फक्त चालू कर. नाही झाली तर भंगारात जाईल, ते मला बघवणार नाही." का, ते विकासनं विचारलं नाही.

पितृपक्ष चालू होता. त्याची बायको शिल्पा म्हणाली, "या दिवसांत गाडी आणतं का कोणी? हौले झालात का, डोकं फिरलं का?" तो नुसता हसला. आठवडाभर खपला. बॅटरी नवी, फिल्टर नवे, टाकी धुतली. राहिली डिझेलच्या नळ्यांतली हवा. नळीत हवा असली की डिझेल इंजिन लागत नाही, नुसतं फिरत राहतं. ती काढायला दोन माणसं लागतात. बाहेरचा माणूस नट ढिला करून 'मार' म्हणतो, आतला चावी फिरवून सेल्फ मारतो. 'बस' म्हटलं की सोडतो.

सर्वपित्री अमावस्या. रात्री पावणेदहा. शिल्पा गल्लीतल्या बायकांबरोबर बतुकम्मा, फुलांभोवतीचा फेर, खेळायला गेलेली. विकासनं चावी लावून ठेवली, बॉनेट उघडलं, नट ढिला केला. मेस्त्रीकडे पाहून शिकलेलं, तसं तोंडातून निघून गेलं, "मार."

सेल्फ फिरला.

त्याला वाटलं, शिल्पा आली. "बस." थांबला.

"मार." फिरला. नटाजवळचा हवेचा फेस गेला, स्वच्छ डिझेल आलं. "बस." थांबला.

त्यानं नट कसला. "मार."

इंजिन लागलं.

"कधी आलीस गं?"

त्यानं बॉनेट खाली केलं. आत कोणी नव्हतं. संध्याकाळी त्यानं सीट पार मागे सरकवली होती. ती आता पार पुढे होती. लहान पोराचे पाय पोचावेत, इतकी पुढे.

त्यानं चावी ओढून काढली. इंजिन चालूच. या जुन्या डिझेलला चावीनं भागत नाही, स्टिअरिंगखालचा स्टॉपचा नॉब बाहेर ओढावा लागतो. पुन्हा आत हात घालायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं मास्तरांना फोन लावला.

मास्तर रिक्षानं आले. सगळं ऐकून एवढंच विचारलं, "सेल्फ किती वेळा मारला?"

"तीनदा."

"हौ. तीनच. त्याच्या वर मारायचा नाही, बॅटरी बसते, असं मीच शिकवलं होतं तिला."

"कोणाला?"

"माझ्या गौरीला. नऊ वर्षांची होती. मी बाहेर, ती आत. दोन वर्षांपूर्वी ताप आला... चार दिवसांत गेली. त्यानंतर मी बॉनेट उघडलंच नाही. कोणाला म्हणणार, मार?"

मास्तर दुसऱ्या बाजूनं आत जाऊन बसले. रिकाम्या सीटकडे वळले.

"लागली बेटा गाडी. छान लागली. आता भंगारात नाही जाणार. बंद कर... चल घरी."

इंजिन बंद झालं.

विकास बाहेर उभा होता. मास्तरांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. आणि स्टॉपचा नॉब... बाहेर ओढलेला होता.