झाकणाआडचा निळा

दोन्ही हातांत ट्रे धरून जिना उतरणाऱ्याला पायाखालची पायरी दिसत नाही, आणि मोबाइलमध्ये डोकं घालून जिना चढणाऱ्याला समोरचा माणूस दिसत नाही. तेव्हा त्या दोघांची टक्कर व्हायलाच हवी होती. ती झाली नाही, कारण तिनं ऐनवेळी "थांबा" म्हटलं आणि तो खरोखरच थांबला — एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, चहाचा कप छातीशी धरून.

"हलू नका," ती म्हणाली.

"श्वास घेऊ का?"

"हळू घ्या. आणि तोंड भिंतीकडे करा. चहाची वाफ यावर नको."

शिक्षा झालेल्या मुलासारखा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ट्रेमध्ये नखाएवढे काचेचे तुकडे होते. ती अंग चोरून त्याच्या पाठीमागून खाली सरकली.

"एवढं आहे तरी काय त्यात?" त्यानं भिंतीला विचारलं.

"काच."

"काचेला वाफ चालत नाही?"

"माझ्या काचेला नाही चालत."

"मग लिफ्टनं जायचं ना."

"लिफ्ट थांबताना गचका देते. तुम्ही का नाही गेलात लिफ्टनं?"

"मी दिवसभर अंधारात बसतो. या जिन्याला खिडक्या आहेत." मग जरा थांबून, "वळू का आता?"

ती खालच्या वळणावर पोचली होती. "वळा," ती म्हणाली, आणि हसू ऐकू जाऊ नये म्हणून भराभर उतरली… ट्रे हातात असताना भराभर उतरायचं नसतं, हे तळमजल्यावर गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्यानंतर ते जिन्यात भेटत राहिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर एक मोठी खिडकी होती. तिच्या कट्ट्यावर दोन कप आणि दोन कोपरं मावत. तो विचारायचा, "आज किती काचा धुतल्या?" ती म्हणायची, "आज अंधार कसा होता?" गप्पा एवढ्याशाच, पण कप रिकामे होऊन गार पडले तरी दोघांपैकी कोणी उचलत नसे.

आपण काय करतो ते तिनं नीट सांगितलं नव्हतं. ती दिव्यांसाठी नवा पदार्थ बनवत होती. वीज सोडली की स्वतःच उजळणारा पातळ थर, केसाहून कितीतरी बारीक. लाल दिवा सोपा, हिरवा त्याहून सोपा. जीव काढतो तो निळा. तिच्या थरात दोन क्षार एकजीव केलेले होते, आणि ते एकजीव असेपर्यंत उजेड असा निळा पडे की बघणाऱ्यानं बोलणं विसरावं. पण वीज वाहत राहिली की ते दोन क्षार भांडलेल्या भावंडांसारखे दोन कोपऱ्यांत जाऊन बसत, आणि निळा हिरवट होत जाई. ही फारकत लांबवायची, एवढंच तिचं काम होतं. त्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

आता तीन गटांचे नमुने तपासणीला गेले होते. ज्याचा दिवा सर्वांत जास्त टिकेल त्या गटाचं काम पुढे चालणार, बाकीच्या दोघांनी खोल्या रिकाम्या करायच्या. नमुन्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. तपासणी संस्थेच्या दुसऱ्या विभागात व्हायची, आणि नमुने बनवणाऱ्यांनी तपासणाऱ्याशी निकाल लागेपर्यंत बोलायचं नाही, असा कडक नियम होता.

दिवसभर अंधारात बसणारा माणूस कोण असू शकतो, याची शंका तिला आली नव्हती असं नाही. आली होती. पहिल्याच आठवड्यात आली होती. तिनं ती विचारली नाही, इतकंच.

निकालाच्या बैठकीच्या आदल्या दुपारी बाहेर रिपरिप चालली होती. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं आणि तो कधी नव्हे इतका बोलत होता.

"तुम्हाला एक गंमत सांगू? हसायचं नाही."

"हसण्यासारखी असेल तर हसेन."

"माझ्याकडे एक नमुना आहे. निळा. मी रंग मोजतो, म्हणजे यंत्र मोजतं आणि मी आकडे बघतो. पेटी बंद, झाकण बंद, आत दिवा जळतोय. पण याचे आकडे बघून मला राहवेना. म्हटलं, डोळ्यांनी बघू या. म्हणून मी…" तो स्वतःच लाजून हसला. "रोज जेवायला जाताना झाकण उघडतो. झाकण उघडलं की वीज आपोआप तुटते. मग नमुना हातात घेऊन छोट्या बॅटरीवर क्षणभर लावून बघतो, आणि तसाच बाजूला ठेवून जेवायला जातो. येऊन परत पेटीत."

तिच्या हातातला कप कट्ट्यावर टेकला.

"सकाळभर जळून तो जरा हिरवट झालेला असतो हो. पण जेवून आलं की बघावं तर पुन्हा जसाच्या तसा निळा. भारी हट्टी आहे. ज्यानं कोणी बनवलाय ना, त्याला एकदा भेटायचंय मला."

तिनं कप कट्ट्यावर आणखी आत सरकवला.

"काय झालं?"

"तपासणी सलग करायची असते ना?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"झाकण उघडलं की घड्याळही थांबतं. जळल्याचेच तास मोजले जातात, हिशेब कुठे चुकतोय?" मग तिच्याकडे बघत, "माझं काही चुकलं का?"

"मला जायला हवं," ती म्हणाली आणि गेली. कप तिथंच राहिला.

साध्या दिव्यासाठी त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो बंद ठेवला म्हणून तरुण होत नाही. पण तिचा दिवा व्हायचा. अंधारात विसावला की ते रुसलेले क्षार पुन्हा जवळ येत, भांडण मिटे, निळा परत येई. हे इमारतीत तिला आणि तिच्या गटप्रमुख मॅडमना माहीत होतं, आणखी फार कोणाला नाही. रोज दुपारी कोणीतरी प्रेमानं विश्रांती दिलेला दिवा इतरांपेक्षा जास्त टिकला, यात नवल ते काय.

ती वर आली तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. कडक शिस्तीच्या मॅडम, कधी पाठीवर थाप न मारणाऱ्या. आज त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या जाहीर होईल, पण कुणकुण लागलीय. आपला सगळ्यात जास्त टिकलाय. दुसरा जवळपासही नाही. उद्या नीट कपडे घालून ये."

ती "हो" म्हणाली.

घरी वहिनी भाजी निवडत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "काय गं, जिन्यातल्या साहेबांनी मागणी घातली की काय? चेहरा असा का?"

"वहिनी, उद्या आमचं काम बंद झालं तर?"

"तर तुझ्या दादानं शाळेत शब्द टाकून ठेवलाय, तिथं मुलांना विज्ञान शिकवशील. पण बंद का होईल? काल तर उड्या मारत होतीस."

"समजा, मी एक गोष्ट बोलले नाही तर चालू राहील. बोलले तर बंद पडेल, आणि एका माणसाची नोकरीही जाईल."

वहिनीचा हात थांबला. तिनं नणंदेकडे नीट बघितलं. "जिन्यातल्याची?"

तिनं भाजीची एक जुडी आपल्या पुढ्यात ओढली.

"मग आधी त्याला सांग," वहिनी म्हणाली. "परस्पर कोणाचा गळा कापू नये. मग तो काय करतो ते बघ. माणूस कळायला बरं असतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वळणावर उभी राहिली. तो आला, आणि तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा चेहरा बघून विझला. तिनं सगळं एका दमात सांगितलं — आकडा, क्षार, विश्रांती, सगळं. तो ऐकत राहिला. शेवटी तो बोलला ते नोकरीबद्दल नव्हतं.

"म्हणजे तो निळा… तुमचा."

"तुमच्या ध्यानात येतंय ना मी काय म्हणतेय ते? मी आज बैठकीत सांगणार आहे. झाकण कोणी उघडलं ते विचारतील."

"येतंय." त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "माझी नोकरी अजून कच्ची आहे. घरी आईला वाटतं, मी फार मोठा शास्त्रज्ञ झालो." तो हसायला गेला, जमलं नाही. "तुम्ही सांगितलं नाहीत तर कोणाला कळणार नाही."

"मला कळेल."

तो खाली उतरून गेला. त्याची पावलं तळमजल्यापर्यंत ऐकू आली. तो येईल की तोंड लपवेल, याचा काहीच अंदाज तिला बांधता येईना, आणि निकालापेक्षा त्याचीच धाकधूक जास्त आहे हे जाणवून ती स्वतःवरच चिडली.

बैठकीच्या खोलीत गारवा अंगावर येत होता. अध्यक्ष वयस्कर होते, बोलताना चष्मा काढून हातात धरायचे. त्यांनी निकाल वाचला, टाळ्या वाजल्या, मॅडमनी तिला पुढे व्हायची खूण केली. ती उठली.

"हा निकाल बरोबर नाही," ती म्हणाली.

टाळ्या विरल्या. मॅडमची मान तिच्याकडे वळली ती तशीच राहिली.

तिनं सांगितलं. आवाज कापत होता, पण वाक्यं सरळ होती. बोलून झाल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. "झाकण उघडलं कोणी?"

तिनं नाव घेतलं नाही. खोलीत कोणाची तरी खुर्ची करकरली.

"आणि तुम्हाला हे कसं कळलं? तपासणाऱ्याशी तुम्ही बोलायचं नव्हतं."

"आम्ही… जिन्यात बोलतो."

"कशाबद्दल?"

"खिडकीबद्दल," ती म्हणाली, आणि मागच्या रांगेत कोणीतरी खोकला दाबला.

तेव्हा दार उघडलं. तो आत आला, केस विसकटलेले, धावत आल्यासारखा. "झाकण मी उघडलं," तो म्हणाला. "रोज. यांना काल दुपारपर्यंत माहीत नव्हतं. मला हे आत येऊन सांगायला उशीर झाला… दाराबाहेर उभा होतो."

अध्यक्षांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. ते रागावले होते हे स्पष्ट होतं, पण त्यांच्या डोळ्यांत आणखीही काही होतं, जुन्या शिक्षकाला चांगला प्रश्न सापडल्यावर असतं तसं. "विश्रांतीनं रंग परत येतो म्हणता. किती विश्रांतीनं?"

तिनं मान हलवली. "आम्ही तेवढं मोजलेलं नाही."

"जेवणाच्या सुट्टीत पूर्ण," तो म्हणाला. "एकदा चहाच्या सुट्टीत उघडलं होतं, तेव्हा साधारण निम्मा."

खोलीत हसू पसरलं. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

नमुना पुन्हा तपासला गेला, सलग, दुसऱ्या माणसाकडून, झाकणाला सील लावून. तिचा निळा फार लवकर हिरवा झाला. पहिला नंबर दुसऱ्या गटाला गेला. त्या दिवशी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं.

"मला आधी सांगायला हवं होतंस."

"तुम्ही मला थांबवलं असतंत?"

"थांबवायचा विचार तरी केला असता," मॅडम म्हणाल्या. "म्हणून नाही सांगितलंस ते बरं केलंस." मग रुक्षपणे, "पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मिळालीय. काम चालू नाही ठेवायचं, फक्त एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं. विश्रांतीत तो बरा का होतो. निम्मी खोली, जुनी यंत्रं, आणि नंतर काय याची हमी नाही. घेतेस?"

"घेते."

ती बाहेर आली तेव्हा ऊन पडलं होतं. वळणावर तो उभा होता. बैठकीनंतर तिनं त्याला पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, तो आता या जिन्यानं येणार नाही.

"मला तपासणीतून काढलं," तो म्हणाला. "नोकरी राहिली. या इमारतीतल्या सगळ्या ट्यूबलाइटी मोजायच्या, कुठली कधी बदलायची ते सांगायचं. मजल्यामागून मजला."

"वाईट झालं."

"झालं खरं. आईला म्हटलं, बढती आहे, सगळी इमारत माझ्या हाताखाली." त्यानं कोपर कट्ट्यावर टेकलं. "एक बरं झालं. आता मी कोणाचाच नमुना तपासत नाही. तेव्हा कोणाशी बोलू नये असा नियम मला लागू नाही."

ती खिडकीतून खाली बघत होती. आता बोललं नाही तर पुन्हा धीर होणार नाही, हे तिला कळत होतं. ट्रे हातात नव्हता, तरी दोन्ही हात तिनं तसेच पुढे, जपून धरले होते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही कोण ते. झाकणाचं नाही… पण अंधारात बसणारा माणूस कोण, ते मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. बैठकीत हे सांगितलं नाही. सगळं खरं बोलले, एवढं सोडून."

"मग विचारलं का नाहीस?"

"नाहीस" त्याच्या तोंडून कसं निसटलं ते त्यालाही कळलं नसावं. दोघंही ऐकून न ऐकल्यासारखे उभे राहिले.

"विचारलं असतं," ती म्हणाली, "तर इथं थांबणं बंद करावं लागलं असतं. आणि मला… ते नको होतं."

तो काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात वरून माणसांचा एक घोळका मोठ्यानं बोलत खाली आला, दोघांनी मिळून एक कपाट धरलेलं, मागे खुर्च्या घेतलेले आणखी चौघे — खोल्या रिकाम्या होत होत्या. वाट द्यायला ती आणि तो खिडकीच्या कोपऱ्यात सरकले, खांद्याला खांदा लागेपर्यंत. कपाट गेलं. खुर्च्या गेल्या. आवाज खालच्या मजल्यांवर विरत गेले, जिना मोकळा झाला, आणि तरी दोघांपैकी कोणीच मागे सरकलं नाही.