एकच चिपसेट, दोन बोर्ड

कॉम्प्युटरच्या बोर्डावरच्या तापलेल्या पट्टीला तिचं बोट लागलं आणि ती "स्स्…" करत मागे सरली, ती नेमकी मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी अंगावर. त्याने तिचं मनगट धरलं, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला.

गार पाण्याखाली बोट धरून ती तणतणली, "कुठल्या गाढवाने बनवलाय हा बोर्ड?"

"मी…" तो म्हणाला. "गाढव वरच्या मजल्यावर बसतं."

ती खालच्या मजल्यावर टेस्टिंगला, तो वरच्या मजल्यावर डिझाइनला. एकाच इमारतीत असून कधी गाठ पडली नव्हती. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शर्टाचं बटण भलत्याच काजात. हाही आपल्यासारखाच पिचलेला, तिला वाटलं आणि राग ओसरला. हात मात्र तिने लगेच सोडवून घेतला नाही.

टेबलावर दोन बोर्ड होते. सगळ्या भागांचा मेळ घालणारा चिपसेट तोच, प्रोसेसरही तोच. प्रोसेसरचा वेग वाढवला तरी जुना मुकाट चालायचा. नवा मात्र जरा वेग वाढवला की मान टाकायचा. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं आणि साहेबांना संध्याकाळच्या आत 'पास'चा शेरा हवा होता.

"चिपसेट तोच ना? मग हाच का रडतो?"

"चिपसेट वेग वाढवायची नुसती मुभा देतो हो. वेग वाढला की वीज जास्त लागते, आणि ती पुरवणारे भाग बोर्डावर असतात. जुन्यात बारा होते, यात सहाच. दुप्पट राबतात, तापतात…" तो घुटमळला. "उष्णता पसरवणारे तांब्याचे थरही कमी केलेत. स्वस्तात बसवायचं होतं ना. मी नको म्हटलं होतं, पण… फार भांडलो नाही. दमलो होतो."

इतकं सरळ 'दमलो होतो' म्हणणारं तिला आजवर कुणी भेटलं नव्हतं.

"नापास केला तर तुमचं काय?"

"बोलणी खाईन. कदाचित काम हातचं जाईल."

"मग… करू पास?"

"नको. एक बोट भाजलं तेवढं पुरे."

तिने नापास लिहिलं. साहेबांनी दोघांनाही आत बोलावून फैलावर घेतलं. शेवटी त्यालाच बोर्ड नव्याने करायला सांगितलं, तेही महिन्याभरात. मग तो रोज काहीतरी निमित्त काढून खाली यायचा.

"बोट कसं आहे?"

"दुखतंय अजून," ती म्हणायची. बोट केव्हाच बरं झालं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

नवा बोर्ड पास झाला त्या संध्याकाळी बाकीचे टाळ्या वाजवत होते. या दोघांत तेवढंही त्राण नव्हतं. बसथांब्यावर येऊन दोघं बाकावर बसले.

"एक बोलायचं होतं…"

"प्रेमाबिमाचं असेल तर आज नको. फार दमलेय मी."

"बरं. उद्या?"

"उद्याही दमलेलीच असेन. रोजच असते. घरी चिडचिड करते, रविवारी नुसती झोपून असते… असली बायको कुणाला हवी?"

"मला," तो म्हणाला. "दमलेलीच चालेल."

ती हसली. मग तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

बस आली. त्याने ड्रायव्हरला हळूच हाताने खूण केली — जा तुम्ही.