गार इंजिन

गाडी इथेनॉलवर चालवायची असं मी ठरवलं, तेव्हा दादा फोनवर म्हणाला, "म्हणजे आता गाडीलाही दारू पाजणार तू."

"पिणार ती, चालवणार मी. मी शुद्धीत असले म्हणजे झालं."

तो हसला. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी हसलं की बरं वाटायचं.

माझं गाड्या ट्यून करायचं वर्कशॉप आहे. इंधन किती जायचं, ठिणगी कधी पडायची, टर्बोने इंजिनात किती हवा कोंबायची, हे सगळं गाडीतला एक छोटा संगणक ठरवतो आणि त्या संगणकाशी माझं चांगलं जमतं. इथेनॉल टर्बोच्या गाडीला मानवतं. ते गार जळतं, दाब सोसतं, इंजिन मोकळा श्वास घेतं. उणिवा दोनच. पेट्रोलपेक्षा ते जास्त लागतं, आणि गारठ्यात पेटायला फार आढेवेढे घेतं.

गाडी माझीच होती, जुनी, पुढून बसकी, टर्बोची बारीक शीळ घालत जाणारी. गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुना हवा म्हणून मी ती उघडली. इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे बसवले, जास्त ताकदीचा पंप टाकला, इंधनाच्या रबरी नळ्या बदलल्या. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे ढकलतं, म्हणून टाकी उतरवून आतून पुसून काढली. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा शेडभर गोडसर, पिकल्या फळासारखा वास पसरला. मागच्या खोलीच्या दारात आई उभी होती. तिने तो वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

ती एवढंच म्हणू शकत होती.

आई पहिलीच्या वर्गाची बाई. सगळी नोकरी तिने पहिलीलाच काढली. वरचे वर्ग देऊ केले तरी घेतले नाहीत. दरवर्षी नवी, रडकी, शेंबडी मुलं यायची आणि आई त्यांना बोलतं करायची. निवृत्तीनंतर तिला झटका आला. उजवा हात थोडाफार सावरला, चालणं सावरलं, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, फक्त तोंडातून एकच शब्द निघायचा. भूक लागली, बरं. दुखतंय, बरं. दिवा लाव, बरं.

त्यातच दादाने सांगितलं, "थंडी संपली की मी येतो आणि आईला इकडे घेऊन येतो. इथे मोठं हॉस्पिटल आहे. तू दिवसभर शेडमध्ये, तिच्याकडे बघणार कोण?"

फोन स्पीकरवर होता. आईने घाईघाईने मान हलवली, ओठ उघडले. तिला काय म्हणायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर लिहिल्यासारखं होतं.

"बरं," ती म्हणाली.

"बघ, तयार आहे ती," दादा म्हणाला.

आई उठून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

आईला रोज सकाळी स्पीच थेरपीला न्यायचं असे. पहिल्याच कडक थंडीच्या सकाळी गाडीने दगा दिला. स्टार्टर फिरायचा, इंजिन खोकायचं आणि बसायचं. हे अपेक्षित होतं. मी लॅपटॉप लावून गार इंजिनाचं इंधन वाढवलं, मग आणखी वाढवलं. काही नाही. प्लग काढून पुसले, परत लावले. काही नाही. तोवर कंटाळून आई येऊन शेजारच्या सीटवर बसली. मी सहज चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"पायगुण," मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्याही. आई बसलेली नसली की गाडी मेल्यासारखी, आई बसली की जिवंत. मी वायरिंग तपासलं, दाराचा स्विच तपासला, सीटखालचा बेल्टचा स्विच काढूनच टाकला. या धंद्यात मी एक गोष्ट शिकले आहे. गाडी कधी नाटकं करत नाही, आपलं कुठेतरी बघायचं राहिलेलं असतं. तेव्हा काहीतरी राहिलंय असं मी धरून चालले. आणि रोज सकाळी आईला आधी बसवू लागले, कारण थेरपीला उशीर परवडणारा नव्हता.

मग एका सकाळी, इंजिन गरम व्हायची वाट बघत आम्ही शेडमध्येच बसलो असताना, आई म्हणाली, "आ."

मी चमकून बघितलं. ती समोर, डॅशबोर्डकडे बघत होती. थोडी थांबली. मग पुन्हा म्हणाली, "आ."

मीही डॅशबोर्डकडेच बघत राहिले. तिच्याकडे बघितलं असतं तर रडले असते.

थेरपिस्ट मुलगी माझ्याच वयाची, खळखळून हसणारी. ती म्हणाली, "आधी आवाज परत येतात, मग शब्द. गाडीत बोलतात ना? मग गाडीत बसवा. इंजिनाच्या लयीने मदत होत असेल."

मी रोज आईला गाडीत जास्त वेळ बसवू लागले. गाडी उभी, इंजिन संथ चालू, शेडचं शटर वर, तोंडावर कोवळं ऊन. 'आ' नंतर 'ई' आला, मग 'म', मग 'न'. आई प्रत्येक आवाज काढायची, थांबायची, मान किंचित कलती करायची. मग एके दिवशी तिने नवा शब्द काढला. "परत."

"परत," ती म्हणाली. थांबली. "आ. परत."

थेरपिस्टला मी हे सांगितलं तेव्हा तिने टाळीच वाजवली. "स्वतःलाच सुधारतायत त्या! फार चांगलं लक्षण आहे."

मलाही तसंच वाटलं. आई "ओठ मिट" म्हणाली तेव्हाही तसंच वाटलं. "शाब्बास" म्हणाली तेव्हाही. घरात ती अजून "बरं" वरच होती, पण गाडीत तिचे शब्द दिवसागणिक वाढत होते आणि हळूहळू ते गाडीतून बाहेरही येऊ लागले. एका दुपारी तिने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मीठ." मी मीठ दिलं. भाजीत आधीच मीठ जास्त होतं. तरी तिने घेतलं, केवळ मागता आलं म्हणून.

थंडी ओसरत आली तसं मी गाडीचं राहिलेलं काम काढलं. टर्बोचा दाब वाढवायचा होता. त्यासाठी इंधन अवेळी पेटून इंजिन आतून ठोकत नाही ना, हे बघावं लागतं. इंजिनाच्या अंगावर बोल्टने आवळलेला एक छोटा सेन्सर असतो, तो म्हणजे इंजिनाला लावलेला कानच. इथेनॉलवर ठोका सहसा येत नाही. पण माझ्या पडद्यावर येत होता, आणि तोही गाडी उभी असताना. बारीक, तुटक, मध्येच.

अशा वेळी मी त्या सेन्सरला हेडफोन जोडते. कान खोटं बोलत नाही. आई शेजारी बसली होती, इंजिन संथ चालू होतं. हेडफोनमध्ये नेहमीचे आवाज होते, पिस्टनची धडधड, इंजेक्टरची टिकटिक, दूरवर टर्बोची कुजबुज.

आई म्हणाली, "मी."

धडधडीच्या तळातून कुणीतरी म्हणालं, "नी."

मी हेडफोन काढले. शेडमध्ये फक्त इंजिन चालू होतं. मी स्वतःला समजावलं, आईचा आवाज पत्र्यातून इंजिनापर्यंत जातो आणि सेन्सर तो पकडतो. प्रतिध्वनी. एवढं सोपं. मी हेडफोन परत लावले.

"नाही," आई हळुवारपणे म्हणाली. "ओठ मिट. मी."

थोडा वेळ नुसती धडधड.

"मी," इंजिनातून आलं.

"शाब्बास," आई म्हणाली.

प्रतिध्वनी चुकत नाही. चुकून सुधारत तर मुळीच नाही.

मी चावीकडे हात नेला. आईने तो धरला, तिच्या उजव्या, दुबळ्या हाताने.

"थांब," ती म्हणाली. "भितं ते."

"कोण आहे, आई?"

"नवीन आहे."

"नाव काय?"

"अजून सांगता येत नाही." ती शब्द शोधत थांबली, आणि मग शाळेतल्यासारखं हसली. "सगळे असेच येतात. मुके."

तेव्हा मला कळलं की इतके दिवस आम्ही सगळं उलटं समजत होतो. आईला कुणी शिकवत नव्हतं, आई शिकवत होती. शिकवायला शब्द लागतात, म्हणून कुठून कुठून ते तिच्याकडे परत येत होते.

त्या दिवशी काम तसंच ठेवून मी शेडबाहेर बाकावर बसून राहिले. जुने इंजेक्टर फळीवर पडले होते. गाडी परत पेट्रोलवर करणं एका दिवसाचं काम होतं. मी पान्हे काढलेसुद्धा. मग आतून आईचा आवाज आला. ती भाजीवाल्याशी खिडकीतून हुज्जत घालत होती. अडखळत, चुकीचे शब्द घेत, चिडून, पण हुज्जत घालत होती. मी पान्हे जागेवर ठेवले.

दादा ठरल्याप्रमाणे आला, मोठी बॅग आणि फाइल घेऊन. चहा झाल्यावर म्हणाला, "आई, तुझे कपडे भरू या का?"

आईने कप खाली ठेवला. ओठ मिटले, उघडले.

"नाही," ती म्हणाली. मग जमलं म्हणून पुन्हा, मोठ्याने, "नाही. मी येणार नाही. माझा वर्ग आहे."

दादा, एवढा मोठा माणूस, तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडला. आई त्याच्या टकलावरून हात फिरवत होती. वर्गाचं त्याने मला विचारलं, तेव्हा मी अर्धं खरं सांगितलं. थेरपिस्टकडे उशिरा बोलणारी लहान मुलं येत, आणि तिने आईला त्यांच्यासोबत बसायला बोलावलं होतं. आई जायला लागलीही होती. बाकीचं अर्धं मी सांगितलं नाही. दादाला टर्बो म्हणजे काय तेच अजून नीट कळलेलं नाही.

जाताना तो गाडीवर थाप मारून म्हणाला, "चांगली चालते का गं?"

"उत्तम," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

आता ऊन तापायला लागलंय. गाडी कुणीही बसलं तरी सुरू होते, आणि टर्बोचा दाब मला हवा तिथे आहे. थेरपिस्टकडची एक चिमुरडी परवा पहिल्यांदा "आई" म्हणाली, तेव्हा तिच्या आईने माझ्या आईचे पाय धरले. घरी येताना आई सगळा रस्ता बडबडत होती, एवढी की मीच म्हटलं, "आता जरा गप्प बस." आम्ही दोघी हसलो.

त्याच दुपारी आम्ही फिरून परतलो. मी शेडमध्ये गाडी लावली, चावी काढली. इंजिन शांत झालं. ट्यूनिंग संपलं, आता शेवटचं एकदा ऐकावं म्हणून हेडफोन माझ्या कानांवर होते, आणि त्यांत आता गरम लोखंड निवताना होणारी टिकटिक तेवढी उरली होती.

मग एक आवाज आला. स्पष्ट, लहान, उच्चार अगदी आईच्या वळणाचे.

"बाई, बाहेर जाऊ?"

मी आईकडे वळले. तिच्या कानांवर काही नव्हतं. ती पिशवीतून चष्मा शोधत होती, आणि मान वर न करता, हजार वेळा दिलेलं उत्तर देतात तशी म्हणाली,

"जा. पण लगेच ये."

कुठलंही दार उघडलं नाही. फक्त गाडी, कुणी उतरल्यावर उठते तशी, मागच्या बाजूने किंचित वर उठली.